हात न सोडता

चाळीच्या कठड्यावर मराठीत भरपूर हळवं लिहून झालंय. कठड्यावरच्या गप्पा, कठड्यावरून दिसलेली मिरवणूक, कठड्यावरचं पहिलं प्रेम. हा कठडा खांबाला कसा जोडलेला असतो, हे मात्र कुणी लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गिरगावातल्या चाळीत दोन महिने दुसरा विषयच नव्हता, म्हणून लिहितेय.

आधी रचना सांगते. आमची गॅलरी लाकडी आहे. दर सात-आठ फुटांवर सागाचा खांब, आणि त्याच्यावर वरच्या मजल्याच्या गॅलरीचं ओझं. दोन खांबांच्या मध्ये कठड्याची वरची आडवी पट्टी. पट्टीची दोन्ही टोकं तासून निमुळती केलेली, खांबाला तेवढंच चौकोनी भोक, टोक आत बसवायचं आणि वरून लाकडाची खुंटी ठोकायची. लोखंड नाही. असा सांधा नीट बसला की पिढ्या काढतो.

पण त्या भोकात पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नसते. आणि आमच्या कठड्यावर पाऊस फक्त चार महिने पडतो, वरच्या मजल्यावरचे ओले कपडे बारा महिने टपकतात. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे काड्यांची जुडी, पाणी आत ओढून घेते. बाहेरून रंग चकचकीत आणि आतलं टोक भुसा. आधीच्या दुरुस्त्यांमध्ये कुणीकुणी तिरके खिळे मारून ठेवले होते. चौपाटीच्या खाऱ्या हवेत ते गंजले आणि भोवतीचं लाकूड काळं पडलं. ऑगस्टमध्ये एका खणातली पट्टी हाताने हलायला लागली. आम्ही काय केलं? नायलॉनच्या दोरीने बांधली.

विसर्जनाच्या दिवशी त्या कठड्याला अख्खी चाळ आणि चाळीचे पाहुणे टेकून उभे असतात. अमेरिकेत लाकडी डेकच्या कठड्यासाठी नियम आहे, वरच्या पट्टीवर कुठेही 200 पौंड, म्हणजे साधारण 90 किलो जोर पडला तरी ती टिकली पाहिजे. तिथेही नियम असून सगळं सुरळीत नसतं. 2015 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एक बाल्कनी कोसळून सहा तरुण मुलं गेली, आतलं लाकूड पाण्याने कुजलं होतं. बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची दोरी आली.

तरी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच आला, की खर्च कशाला? चाळ रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे. हे वाक्य मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. मालकाकडून आशा नव्हती, आणि त्यात निव्वळ दुष्टपणा आहे असंही मला वाटत नाही. 1947 च्या भाडेकायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, त्या भाड्यात खिळ्यांचा पुडाही येत नाही. म्हणून 1969 च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं. पण मोठ्या दुरुस्तीची रांग आपल्या जागी, एका पट्टीसाठी कुणाची वाट बघायची?

निकाल लावला आमच्या शेवटून दुसऱ्या खोलीतल्या काकूंनी. वय 81, गुडघे गेलेले. संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. काठी त्यांना नको, कारण दुसऱ्या हातात बादली असते. त्या कठडा धरून चालतात. मीटिंगमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "मी रात्री दोनदा जाते. दोरी धरून जाऊ का?"

खोलीमागे 1500 रुपये ठरले.

मिस्त्री आले, त्यांनी पटाशीने सांधे टोचून बघितले आणि जुनी पद्धत सरळ बाद केली. मला वाईट वाटलं, त्यांना अजिबात नाही. म्हणाले, "ताई, दोन खांबांच्या मध्ये पट्टी असली की माणूस टेकला की सगळा जोर सांध्यावर. पट्टी खांबाच्या आतल्या अंगाला घ्या, मग टेकणारा पट्टीला खांबावरच दाबतो." इतकं सोपं! बोल्टचं काम फक्त पट्टी जागेवर धरायचं, माणसाला अडवायचं काम खांब करणार.

यावर भांडण झालंच. पट्टी आत आली की गॅलरी दोन इंचांनी अरुंद होते, आणि दोन इंचांत चपलांचा स्टँड, पिंप, कुणाची तरी सायकल, सगळ्यांचे हक्क दुखावतात. शेवटी पिंप हललं. सायकल अजून तिथेच आहे.

नवी पट्टी खरं तर जुनीच, कुठल्यातरी पाडलेल्या चाळीचं बर्मा सागवान. खांबाला खाच मारायला मिस्त्रींनी साफ नकार दिला, वरचा मजला त्याच्यावर उभा आहे म्हणून. फक्त बोल्टपुरतं आरपार भोक, दर खांबाला वर-खाली दोन स्टेनलेसचे बोल्ट. पट्टी आणि खांबाच्या मध्ये एकेक वायसर, म्हणजे फटीतून हवा खेळेल आणि पाणी अडकणार नाही. जुनी चौकोनी भोकं सागाच्या तुकड्यांनी बुजवली. पट्टीचे दोन तुकडे जिथे भेटतात तो तिरका सांधा बरोबर खांबावर घेतला, मध्ये लोंबकळत नाही ठेवला. पट्टीचा माथा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला रंगाचे तीन हात.

पहिल्या दिवशी काकू चालून आल्या आणि म्हणाल्या, "जाड आहे रे, मुठीत मावत नाही." मिस्त्री गॅलरीत उकिडवे बसले, रंधा काढला आणि आतली कड गोल करत गेले. मधून मधून काकू हात लावून बघायच्या, मान हलवायच्या, ते परत रंधा मारायचे. संध्याकाळपर्यंत गॅलरीभर सागाच्या सालींचा वास होता.

एक गोष्ट मला तेव्हा सुचलीच नव्हती, ती काकूंनी सांगितली. जुन्या कठड्यावर दर खांबापाशी हात सोडून पलीकडे पुन्हा धरावा लागायचा. नऊ खांब, नऊ वेळा हात मोकळा, तोही अंधारात. आता पट्टी खांबांच्या आतून सलग जाते. रात्री मला त्यांची पावलं ऐकू येतात, आणि त्यांच्या बांगड्या लाकडावरून घासत जातात तो आवाज.

आमचा मजला झालाय. खालच्या दोन मजल्यांची वर्गणी अजून जमतेय.