नळातून गुलाबी!

गुलाबी! अहो, ओट्याच्या नळातून गुलाबी धार येते! आधी नुसती फुसफुस, मग साध्या पाण्याच्या दोन-चार पिचकाऱ्या, मग फिकट गुलाबी आणि मग एकदम गर्द, गुलाबाच्या सरबतासारखी! ती धार दिसली की तो नळ झाला! बंद करायचा आणि पुढच्या नळाकडे पळायचं! हे सगळं पाहिल्यापासून मला चैन पडत नाहीये, म्हणून तुम्हालाही सोबत ओढतेय. बूट चढवा, स्वेटर घाला, चला!

आम्ही मिनेसोटात राहतो. तलावाकाठी मुक्कामाला जाता यावं म्हणून गाडीमागे जोडायचा ट्रेलर घेतला. त्यात ओटा, शॉवर, कमोड, पंप, पाणी तापवायचा हीटर, सगळं आहे! पण इथे ऑक्टोबरात रात्री पाणी गोठायला लागतं आणि जानेवारीत पारा उणे २५ सेल्सिअसच्याही खाली जाऊ शकतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. नळीत ते फुगायला जागा कुठली? मग नळी तडकते, जोड उखडतात, पंप फुटतो, आणि कहर म्हणजे ते तेव्हा कळतही नाही! वसंतात बर्फ वितळतो, तुम्ही पाणी सोडता आणि मग भिंतीमागून झिरपायला लागतं! माझ्या माहेरी, सांगलीत, मे महिन्यात गच्चीवरून आलेलं पाणी हाताला चटका देतं. नळ्या रिकाम्या करून ठेवायच्या असतात हे मला कोण सांगणार? मी प्लंबर नाही, जाणकार तर मुळीच नाही. शेजारच्या आजोबांनी शेजारी उभं राहून शिकवलं, तेवढंच मला येतं. पण ऐका तर!

आधी हीटर बंद करायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवायचा आणि मगच बाहेरच्या बाजूचं बूच पान्याने सोडवायचं. घाई केली तर उकळतं पाणी अंगावर! आमच्या हीटरच्या बुचालाच एक लांब कांडी जोडलेली असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. ती बाहेर आली आणि मी बघतच राहिले! नवी असते तेव्हा बोटाएवढी जाड, गुळगुळीत. ही मात्र कुरतडलेली, खड्डे पडलेली, एका जागी तर आतली तार दिसत होती! गंज मॅग्नेशियमच्या या कांडीला आधी खातो आणि त्यामुळे हीटरची पोलादी टाकी वाचते. स्वतः झिजायचं आणि टाकी राखायची, एवढंच तिचं काम! तीन-चतुर्थांश झिजली की बदलायची. (अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल तर कांडी नसते, साधं प्लास्टिकचं बूच असतं.)

मग ट्रेलरच्या पोटाखाली वाकायचं. तिथे दोन छोट्या नळ्या लोंबतात, बहुतेकदा लाल गरम पाण्याची आणि निळी थंडची. त्यांची बुचं काढायची आणि आतले सगळे नळ उघडे ठेवायचे, कारण वरून हवा शिरली नाही तर पाणी खाली उतरतच नाही! सांडपाण्याच्या टाक्या आधीच रिकाम्या केलेल्या. पाण्याचा फिल्टरही काढायचा.

पाणी उतरलं की बुचं परत लावायची, नळ बंद करायचे. आणि आता, आता गुलाबी! पण थांबा, आधी हीटरला वगळायचं. त्याच्या मागे तीन छोटे कॉक असतात. ते फिरवले की पाणी हीटरमध्ये न शिरता बाजूने जातं. नाहीतर नुसता हीटरच तेवीसेक लिटर अँटीफ्रीझ, म्हणजे नळ्यांत भरायचा तो गुलाबी द्रव, पिऊन टाकेल! वगळला की एरवी आठ-दहा लिटरांत काम होतं. मग पंपाची पारदर्शक नळी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवायची, पंप सुरू करायचा आणि मग तो धडधडतो आणि नळीतून गुलाबी रंग सरसर वर चढतो आणि मग आपण आत पळतो आणि ओट्याचा गरम, ओट्याचा थंड, शॉवर, कमोडचा फ्लश, आणि मग धावत बाहेर, कारण बाहेरच्या शॉवरलाही नळ आहे! भिंतीमागून पाणी कुठून कुठे जातं ते मला पहिल्यांदाच कळलं, तेही पाणी काढून टाकताना! शेवटी मोरीच्या जाळीत कपभर ओतायचं, खालच्या वाकड्या नळीत पाणी साचलेलं असतं ना!

हे अँटीफ्रीझ गाडीच्या इंजिनचं चालणार नाही हं! त्यात सहसा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे. ट्रेलरसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घ्यायचं. कॅनवर उणे ५० फॅरनहाइट लिहिलेलं असतं, पण त्याच्या कितीतरी आधी ते बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होतं. होऊ द्या! भुसभुशीत झालं तरी ते नळी फोडत नाही, आणि आपल्याला हवंय तेवढंच! काही जण कॉम्प्रेसरने हवा मारून नळ्या कोरड्या करतात. चालतं, फक्त हवेचा दाब बेताचा ठेवायचा. पण मला गुलाबीच आवडतं, कारण ते डोळ्यांना दिसतं!

वसंतात सगळं उलट! ट्रेलरची पाण्याची टाकी भरायची, नळ सोडायचे, आधी गुलाबी, मग फेस, मग फेसही जातो आणि नितळ पाणी येतं! मग ब्लीच, बिनवासाचं, दर ५७ लिटरला पाव कप, आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं आणि प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी खेळवायचं. रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी वास जाईपर्यंत धुऊन काढायचं.

राहिला हीटर! नवी कांडी, आट्यांवर टेफ्लॉन टेप, घट्ट पिळायचं, तिन्ही कॉक पुन्हा जागेवर. पण बटणाला हात लावू नका! हीटरची टाकी कोरडी असताना वीज दिली तर आतली कॉइल काही क्षणांत जळते. गरम पाण्याचा नळ उघडा आणि कान देऊन ऐका. खाकरतो, थुंकतो, पुन्हा खाकरतो, आणि मग धार सलग होते! हं, आता दाबा बटण!