लोडवरचे बारा व्होल्ट

पावर सप्लायचे सर्वांत फसवे मोजमाप म्हणजे लोड नसताना घेतलेले. मीटरवर बारा व्होल्ट दिसतात, सप्लाय निर्दोष ठरतो आणि शोध पुढच्या सर्किटमध्ये सुरू होतो. ॲम्प्लिफायरचा आयसी बदलला जातो, मग रिले, मग चांगले सोल्डर उगाच उकलले जाते. हौशी माणसाच्या टेबलावर बंद पडलेल्या सर्किटांपैकी बऱ्याचशांचा दोष सप्लायमध्ये असतो आणि लोड दिल्याशिवाय तो तोंड दाखवत नाही. पिंपळनेरला त्यात आणखी एक भर पडते. भिंतीतल्या सॉकेटवर २३० व्होल्ट आहेत, हे इथे गृहीत धरता येत नाही.

साक्री तालुक्यातले हे गाव पांझरेच्या काठी आहे. आजूबाजूची शेती विहिरींवर आणि लाटीपाड्याच्या धरणावर चालते. नियमाने घरगुती पुरवठा २३० च्या सहा टक्के वरखाली, म्हणजे २१६ ते २४४ च्या दरम्यान असावा. कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत रात्री मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीपासून लांबच्या मळ्यात मीटर १८० च्या जवळ जाताना दिसतो. लांब लाइन, बारीक तार आणि शेवटच्या खांबापर्यंतची ओढ, एवढे कारण त्याला पुरते.

बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिजला चार ४००७, हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ७८१२ रेग्युलेटर ही जोडणी हौशी वह्यांतून वर्षानुवर्षे उतरवली गेली आहे. तिचा हिशेब मात्र वहीत नसतो. बारा व्होल्ट हा आरएमएस आकडा, त्याचे शिखर १७. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत असतात, ते मिळून दोनेक व्होल्ट खातात. उरले १५. एक ॲम्पियरवर बारा व्होल्ट देण्यासाठी ७८१२ ला आत किमान १४ हवेत, म्हणजे हाताशी एकच व्होल्ट मोकळा. शिखर सेकंदाला शंभर वेळा येते. मधले सात-आठ मिलिसेकंद सगळा करंट एकट्या कंडेन्सरने द्यायचा असतो. एक ॲम्पियरवर हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दर मिलिसेकंदाला एक व्होल्ट घसरतो. पुढचे शिखर येईपर्यंत १५ चे आठच्या आसपास आलेले असतात. शंभर मिलिॲम्पियरवर हीच घसरण पाऊण व्होल्टाची होते आणि सप्लाय बिनतक्रार चालतो. ही जोडणी वह्यांत टिकली ती त्यामुळे. एखादा एलईडी आणि एक टायमर आयसी चालवून ती पास झालेली असते.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेला आकडाही लोडवरचा असतो. लहान ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना बाराऐवजी चौदा देतो आणि कंडेन्सरवर अठरा-एकोणीस दिसतात. नवख्याला वाटते, भरपूर आहे. शिवाय करंट कंडेन्सरमध्ये शिखराच्या तोंडावर झटक्याझटक्याने शिरतो, त्यामुळे एक ॲम्पियर छापलेल्या ट्रान्सफॉर्मरकडून डीसी बाजूला ०.६ ॲम्पियरच्या पुढे मागणे म्हणजे त्याला हळूहळू भाजणे होय.

इथून पुढे खरा पेच सुरू होतो आणि या धंद्यात मुरलेल्या माणसालाही तो सोडत नाही. ट्रान्सफॉर्मर १५ चा घेतला आणि कंडेन्सर ४७०० चा लावला, तर २३० वर सगळे ठीक असते. १८० वर शिखर साडेसोळाला येते, डायोड गेले की साडेचौदा, घसरण वजा केली की तेरा. ७८१२ ला पुन्हा एक व्होल्ट कमी. ट्रान्सफॉर्मर १८ चा घेतला, तर १८० वरही सोळा राहतात आणि रात्रीचा प्रश्न मिटतो. मग दिवसा मोटारी बंद असताना लाइन २४० ला जाते, आत चोवीसच्या जवळपास पोहोचतात आणि एक ॲम्पियरवर बारा वॉट उष्णता त्या एवढ्याशा आयसीत निघते. खान्देशात मे महिन्यात धुळे-जळगावला पारा ४४-४५ पर्यंत जातो. पत्र्याच्या छपराखाली बंद डबीत ठेवलेला सप्लाय त्याहून कितीतरी गरम असतो. ७८१२ मध्ये तापमानाचे संरक्षण असते, म्हणून तो जळत नाही. तो बंद होतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो.

अशा रीतीने एकाच मळ्यातून दोन उलट तक्रारी येतात. एक सप्लाय रात्री व्होल्टेज कमी पडले म्हणून बंद, दुसरा दुपारी जास्त झाले म्हणून बंद. दोन्ही दुकानात येतात तेव्हा थंड असतात, गावातल्या बऱ्या लाइनवर लागतात आणि चालू असतात. गिऱ्हाईक ओशाळते, परत नेते, दोन दिवसांनी पुन्हा आणते. तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवणारा कारागीर काम शिकलेला नाही. जो दोष टेबलावर उतरत नाही, तो जिथून आला तिथली परिस्थिती टेबलावर उभी करावी लागते. व्हेरिॲकने लाइन १८० ला आणून पूर्ण लोडवर बघणे आणि २५० ला नेऊन पुठ्ठ्याच्या खोक्याखाली तासभर चालवणे, या दोन परीक्षांत बहुतेक सप्लाय बोलू लागतात.

मीटर इथे मदत करतो तसा चकवतोही. डीसी रेंज सरासरी दाखवते. आउटपुट सेकंदाला शंभर वेळा दहापर्यंत बुडून बारावर येत असले तरी आकडा साडेअकरा दिसतो आणि साडेअकरा कोणालाही चालण्यासारखे वाटतात. जुन्या काट्याच्या मीटरला 'आउटपुट' लिहिलेले एक वेगळे भोक असे. आत मालिकेत कंडेन्सर असल्याने डीसी अडत असे आणि फक्त रिपल मोजता येई. नाशिकच्या मोटवानेचे आणि जपानच्या सान्वाचे काट्याचे मीटर हाताळलेल्या पिढीला त्या भोकाची किंमत ठाऊक आहे. डिजिटल मीटरला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बाहेरून मालिकेत जोडून एसी रेंजवर तेच काम जवळपास होते.

कंडेन्सरची परीक्षाही अशीच लोडविना घेतली जाते. मीटर ९५० मायक्रोफॅरड दाखवतो, कंडेन्सर चांगला ठरतो. आतला द्रव वाळलेला असला की कपॅसिटी थोडीच घटते, आतला रोध मात्र कितीतरी पट वाढतो. साधा मीटर तो मोजत नाही, ईएसआर मीटर मोजतो. १०५ अंशांवर दोन हजार तास अशी हमी असलेल्या कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशांनी तापमान उतरले की साधारण दुप्पट होते, चढले की निम्मे. हीटसिंकला चिकटून बसवलेला कंडेन्सर म्हणूनच सगळ्यांत आधी काढून बघावा.

एसएमपीएसने कमी लाइनचा पेच बऱ्याच अंशी सोडवला. ९० ते २६४ व्होल्ट छापलेला सप्लाय १८० वर आरामात चालतो. त्याचे दुखणे वेगळे. यूसी ३८४२ हा आयसी १६ व्होल्टला जागा होतो आणि १० ला झोपतो. त्याच्या पुरवठ्यावरचा लहानसा कंडेन्सर वाळला की तो जागा होऊन लगेच झोपतो आणि सप्लाय टिकटिक करत राहतो. बाहेर मोठा फिल्टर कंडेन्सर बदलून काहीही होत नाही. लोड म्हणून मोटारसायकलचा बल्ब लावणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो. पहिल्या झटक्यात तो इतका करंट ओढतो की चांगला एसएमपीएसही संरक्षणात जातो आणि खराब ठरतो. दहा ओहमचा, पंचवीस वॉटचा वायरवाउंड रेझिस्टन्स हा खरा लोड. लाइनच्या बाजूला मालिकेत साठ वॉटचा बल्ब मात्र हवाच. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट असतात. स्विच बंद केल्यावरही ते राहू शकतात, म्हणून मोजून, रेझिस्टन्समधून उतरवूनच हात घालावा.

ऐकून दोष सांगणे ही या कामातली सर्वांत मोठी मिरवणूक. ब्रिज पूर्ण चालत असेल तर ॲम्प्लिफायरमधली घरघर शंभर हर्ट्झची असते. एक डायोड उघडा पडला की ती पन्नासची होते, बरोबर एक सप्तक खाली. डबी न उघडता 'डायोड गेलाय' असे सांगितल्यावर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यासाठी माणूस मीटर मुद्दाम लांब ठेवतो. प्रस्तुत लेखकाला हा गर्व आहे, आणि तो दुकानात चार माणसे बसलेली असताना जास्त असतो. पन्नाशीनंतर कान वरच्या पट्टीत मिटत जातात. शंभरची घरघर अजून कळते, पण हलक्या लोडवर एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी बारीक शीळ शिकाऊ मुलाला ऐकू येते आणि शिकवणाऱ्याला येत नाही. मुलगा डबीकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे फार जड जाते. मग मध्यम लहरींचा रेडिओ जवळ धरून जळगाव आकाशवाणीवर उठणारी खरखर ऐकली जाते. तो उपाय चांगला आहे, पण तो मुलाचे म्हणणे पडताळण्यासाठी निघाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता आख्खा बोर्ड बदलून देण्याची रीत पडली आहे. गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो हे खरे, पण १८० वर बंद पडणाऱ्या सप्लायच्या जागी तसाच दुसरा सप्लाय बसतो आणि पुढच्या रब्बीत तोही बंद पडतो. असे करणाऱ्याला कारागीर म्हणू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बॉब पीज यांच्या 'ट्रबलशूटिंग ॲनालॉग सर्किट्स' या १९९१ च्या पुस्तकात कंडेन्सरना आणि डायोडना स्वतंत्र प्रकरणे आहेत. सुटा भाग कसा बिघडतो हे ठाऊक नसलेल्याला सर्किटचा दोष सापडणार नाही, हा त्यामागचा विचार बोर्ड बदलणाऱ्यांच्या दुकानांतून हद्दपार झाला आहे.

दुरुस्ती झालेल्या सप्लायची शेवटची तपासणी तो जिथे चालणार आहे तिथे करावी. मळ्यातल्या त्याच सॉकेटवर, सगळा लोड जोडून, मोटारी सुरू असताना आधी लाइन मोजावी, मग कंडेन्सरवरचे डीसी, मग रिपल आणि शेवटी आउटपुट. चारही आकडे डबीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी डबी उघडणाऱ्याला त्यांतला कोणता बदलला हे पाहून सुरुवात करता येते.