शेवंतीची रात्र

झाड वाढविणाऱ्याला दोन प्रकारचे ज्ञान लागते. एक शब्दांत सापडते, दुसरे बोटांत साठते. माझा व्यवसाय भाषेच्या अभ्यासाचा असल्यामुळे पहिल्या प्रकाराकडे माझा ओढा स्वाभाविक आहे. परंतु गेली अनेक वर्षे गच्चीवरच्या कुंड्यांत शेवंती जोपासताना या दोन ज्ञानांत पुन्हा पुन्हा मतभेद होताना मी पाहिले आहेत. शेवंतीविषयी आपण जे शब्द सहज वापरतो, ते तिच्यापाशी नेऊन पडताळले की त्यांतले बरेच डळमळू लागतात.

तिच्या नावापासूनच प्रारंभ करू. मराठीत शेवंती, गुजरातीत सेवंती, कन्नडमध्ये सेवंतिगे आणि तेलुगूत चामंती अशी एकमेकींचे नाते सांगणारी नावे या फुलाला आहेत. हिंदीने मात्र ‘गुलदाऊदी’ हे फारसी वळणाचे नाव स्वीकारले. तिथे ‘सेवती’ म्हणजे पांढऱ्या गुलाबाचा एक प्रकार. संस्कृत कोशांतही ‘सेमंती’ या शब्दाचा अर्थ पांढरा गुलाब असाच नोंदलेला आढळतो. बागेतील शेवंतीचे मूळ घर चीन आहे. दूरदेशीचे फूल आपल्या अंगणात आले, तेव्हा त्याच्यासाठी आपण नवा शब्द घडविला नसावा. घरात होता तोच एक सुवासिक शब्द त्याला दिला असावा. अर्थ असा एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर सरकणे हा भाषेचा नित्याचा व्यवहार आहे.

शास्त्रीय नावाची कथाही फारशी वेगळी नाही. लिनियसने 1753 साली एका रानशेवंतीला ‘क्रिसँथेमम इंडिकम’ असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ सोन्याचे फूल. दुसरा शब्द तिला भारताची ठरवितो, जी ती नव्हे. पुढे 1961 मध्ये एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने बागेतील शेवंतीला ‘डेंड्रँथेमा’ या प्रजातीत हलविले आणि जगभरच्या बागवानांचे ओळखीचे नाव एकाएकी परके झाले. अखेर 1999 साली अमेरिकेतील सेंट लुई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ‘क्रिसँथेमम’ हे नाव शेवंतीकडे परत दिले. शास्त्राच्या नियमांनाही रूढीपुढे केव्हा केव्हा मान तुकवावी लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. आपल्या शेतकऱ्यांना अशी परिषद कधी भरवावी लागली नाही. त्यांनी जातींना झिप्री, रेवडी, राजा अशी नावे दिली. ‘झिप्री’ हे नाव ऐकताच पाकळ्यांच्या विस्कटलेल्या झिपऱ्या डोळ्यांपुढे येतात.

नावानंतर ‘फूल’ या शब्दाचा विचार करावा लागतो. ज्याला आपण शेवंतीचे एक फूल म्हणतो, ते एक फूल नसतेच. शेवंती सूर्यफूल कुलातील आहे, आणि या कुलातील वनस्पती अनेक लहान फुले एका बैठकीवर दाटीने बसवून एका फुलाचा आभास निर्माण करतात. वनस्पतिशास्त्र या रचनेला स्तबक म्हणते. साध्या भिंगातून पाहिले, तर कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल असल्याचे दिसते. तिच्या तळाशी इवला स्त्रीकेसर असतो. मध्यभागी पिवळी नळीदार फुले गच्च बसलेली असतात. देवापुढे आपण एक शेवंती वाहतो तेव्हा खरे पाहता फुलांची एक ओंजळच वाहत असतो. म्हणून ‘फूल’ हा शब्द बदलावा असे नव्हे. भाषा डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला नाव देते, रचनेला नव्हे. एवढे भान मात्र ठेवावे.

आता बोटांच्या ज्ञानाकडे वळू. शेवंती बहुवर्षायू आहे. फुलांचा बहर संपला की बुंध्याभोवती जमिनीतून नवे कोंब वर येतात. घराघरांतून त्यांना मुनवे म्हणतात, शेतकरी काश्या म्हणतात आणि परिभाषा त्यांना ‘अधश्चर’ म्हणते. चैत्र-वैशाखात हे मुनवे मुळांसह अलग करावेत. माती, शेणखत आणि थोडी वाळू असे निचऱ्याचे मिश्रण भरून एका कुंडीत एकच मुनवा लावावा. लावल्यावर साधारण चार आठवड्यांनी, रोप वीतभर झाले की, त्याचा शेंडा खुडावा. नवशिक्याचा हात इथे अडखळतो, कारण वाढते टोक तोडणे त्याला क्रूरपणाचे वाटते. परंतु शेंडा गेला की पानांच्या बेचक्यांतले निजलेले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी चार-पाच फांद्या फुटतात. तीन आठवड्यांनी या फांद्यांचे शेंडेही खुडावेत. श्रावण सरत आला की मात्र नखे आवरावीत. त्यानंतर खुडले, तर येणारी कळीच खुडली जाते.

पाण्याच्या बाबतीतही हात राखूनच वागावे लागते. मातीचा वरचा थर बोटभर सुकल्याखेरीज पाणी देऊ नये. पावसाळ्यात कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते आणि मुळे कुजत नाहीत. कोवळ्या शेंड्यांवर मावा जमतो. तो आरंभीच बोटाने पुसून काढावा किंवा कडुनिंबाचा अर्क फवारावा. मोठे फूल हवे असेल, तर फांदीच्या टोकाची एक कळी ठेवून बाजूच्या कळ्या काढाव्यात. शेवंतीची निगा म्हणजे बहुतांशी काय द्यावे याहून काय देऊ नये, याचे शिक्षण आहे.

जे कमी होऊ देऊ नये, अशी मात्र एक गोष्ट आहे. ती म्हणजे काळोख.

दिवसाच्या लांबीवर वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन संशोधकांनी 1920 साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून मांडले. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या वनस्पतींना ‘लघुदिन’ वनस्पती असे नाव पडले. शेवंती त्यांपैकीच एक. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या सूर्यफूल कुलातीलच तणावर प्रयोग केले, तेव्हा निराळीच गोष्ट पुढे आली. लांब रात्रीच्या मध्ये काही काळ प्रकाश पाडला, तर झाड फुलत नाही. दिवसाच्या मध्ये अंधार केला, तर त्याला काही फरक पडत नाही. अशी झाडे दिवस मोजत नाहीत, ती अखंड रात्र मोजतात. नाव मात्र ‘लघुदिन’ हेच राहिले, कारण रुळलेला शब्द सहजासहजी जागा सोडत नाही. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. या दोन-सव्वादोन तासांच्या फरकात शेवंती आपला ऋतू नेमका ओळखते. व्यापारी लागवडीत रात्री दिवे लावून तिची कळी लांबविता येते आणि काळ्या कापडाने झाकून ती लवकर आणता येते, ती या गुणामुळेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक प्रखर दिवा बसविण्यात आला. त्याचा झोत गच्चीच्या पूर्व कोपऱ्यावर रात्रभर पडू लागला. त्या वर्षी पश्चिमेकडील कुंड्या कार्तिकात कळ्यांनी भरल्या. पूर्वेकडील रोपे त्याच मुनव्यांची, त्याच मातीतली. ती उंच, हिरवीगार, निरोगी झाली आणि फुलांवाचून राहिली. पाहणाऱ्याला तीच अधिक सुदृढ वाटावीत, अशी त्यांची कांती होती. त्या कुंड्या पाण्याच्या टाकीमागच्या अंधारात हलविल्या, तेव्हा काही आठवड्यांनी कळ्या दिसू लागल्या आणि पौष संपताना त्या फुलल्या. फुलावयास विश्रांती लागते, असे आपण माणसांविषयी अलंकारिकपणे म्हणतो. शेवंतीच्या बाबतीत त्यात अलंकार नाही. शहरे उजळत चालली आहेत, आणि आपण काय काय फुलायचे थांबविले आहे याची मोजदाद अजून कोणी केलेली नाही.

उरलेला शब्द आहे ‘मेली’. बहर ओसरल्यावर पाने करपतात, देठ तपकिरी पडतात आणि पुष्कळ घरांतून कुंडी रिकामी केली जाते. वाईच्या आमच्या जुन्या वाड्यात, परसातला असा वाळलेला ताटवा आत्या जमिनीपासून चार बोटांवर कापून काढीत असे. लहानपणी मी तिला विचारले, “मेली का गं?” ती म्हणाली, “अरे, मेली नाही ती, निजलीय.” ‘बहुवर्षायू’ या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला पुढे कोणत्याही ग्रंथात मिळाली नाही. वाडा पाडावयाचा ठरले तेव्हा तिने त्या ताटव्याचे मुनवे नातलगांच्या घरोघरी धाडले. आत्या आता नाही. माझ्या गच्चीवर जी शेवंती आहे, ती तिच्या शेवंतीची लेक नव्हे. मुनवा हा त्याच झाडाचा भाग असल्यामुळे ती अक्षरशः तीच शेवंती आहे. बियांपासून वाढविली, तर रूप व रंग बदलतात, मुनव्यापासून वाढविली तर राहतात. भाषा मात्र बियांनी वाढते. प्रत्येक मूल ऐकलेल्या बोलण्यातून आपली भाषा नव्याने घडविते, म्हणून ती दर पिढीत थोडी निराळी होते. आत्याची शेवंती मला जशीच्या तशी मिळाली. तिची बोली तशी मिळणे शक्य नव्हते.

तरीही तिचे काही शब्द या झाडाच्या आधाराने टिकून आहेत. दर चैत्रात काही विद्यार्थी माझ्याकडून रोपे नेतात. त्यांच्या तोंडी ‘कटिंग’ हा शब्द असतो. मी कोंब मुळांसह सोडवून त्यांच्या हातात देतो आणि याला मुनवा म्हणतात, असे सांगतो. कटिंग वेगळे, मुनवा वेगळा. एक फांदीचा तुकडा, दुसरा मुळांसह आलेला कोंब. हा फरक हाताला एकदा कळला की शब्द विसरला जात नाही. निघताना एवढेच सांगावे लागते: पहिले आठ दिवस सावलीत ठेवा, पाणी बेताने घाला, पुढे भरपूर ऊन द्या, आणि रात्री दिव्याखाली ठेवू नका.