बाळंतिणीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझ्या वह्यांच्या ट्रंकेत उंदरीण व्याली. मी पिल्ले बाहेर टाकायला निघालो, तशी आजी ओरडली, ‘‘राहू दे रे, बाळंतीण आहे ती!’’ मी वाणिज्य शाखेचा. मला कुरतडलेल्या वह्याच दिसत होत्या.

संध्याकाळी प्राणिशास्त्राच्या मित्राने सांगितले, की उंदरांच्या खांद्यांमध्ये तपकिरी चरबी असते. ती जळते ती केवळ ऊब देण्यासाठी. १९८२ साली ट्रेहर्न व सहकाऱ्यांनी दाखवले, की पिल्लांना पाजताना ही शेगडी मंदावते. दूध तयार होतानाच अंगात उष्णता निर्माण होते, मग शेगडीवरचा खर्च वाचतो आणि दुधाला लागतो. तरीही खाणे दुपटीहून अधिक लागतेच! दूध तुटले, की शेगडी पुन्हा पेटते.

आजीची सहा बाळंतपणे झाली. तेव्हा तिने कोणकोणते खर्च बंद केले होते, हे मी कधी विचारलेच नव्हते.

ट्रंक मी तीन आठवडे उघडली नाही.