रहिवासाचा दाखला

दापोली तालुक्यातील आमचे मुरुड हे गाव बाहेरच्या जगाला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक म्हणजे त्याचा विस्तीर्ण समुद्रकिनारा आणि दुसरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. अण्णांचे बालपण या गावात गेले. 'आत्मवृत्त' या आपल्या चरित्रग्रंथात त्यांनी विद्यार्थिदशेतील एक हकिकत सांगितली आहे. सतरा वर्षांच्या सुमारास सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून भर पावसात साताऱ्याला पायी गेले. अंतर सुमारे 110 मैल, मध्ये सह्याद्रीचा कडा. तेथे पोहोचल्यावर परीक्षेला बसण्याची परवानगी नाकारण्यात आली. कारण एकच. मुलगा वयाने लहान दिसतो! त्याचे वय किती आहे, यापेक्षा ते किती दिसते, हा प्रश्न परीक्षकांना अधिक महत्त्वाचा वाटला.

शाळेत असताना हा प्रसंग आम्ही जिद्दीचे उदाहरण म्हणून ऐकत असू. आता उतारवयात मला त्यात दुसरेच काही दिसते. माणूस जो आहे, तो तसा असल्याचे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवून देणे हे कधी कधी 110 मैलांच्या पायपिटीपेक्षाही अवघड असते. गेल्या दोन-तीन वर्षांत, माझ्या थोरल्या बहिणीच्या निमित्ताने, या विचाराने माझी पाठ धरली आहे.

माझी ताई 1955 सालची. मुरुडच्या शाळेत शिकली, येथल्याच वाळूत खेळली आणि 1976 साली लग्न होऊन निपाणीला गेली. तिचे यजमान निपाणीचेच. त्यांचा जन्म 1949 सालचा. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तो भाग म्हैसूर राज्यात गेला. 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. भावोजींचे घर जागचे हलले नाही. तीच ओसरी, तोच माडीचा जिना. परंतु घराखालची राज्ये मात्र बदलत गेली. ते गमतीने म्हणत, "मी कुठे गेलो नाही, सरकारंच माझ्याकडे येऊन गेली."

2021 साली भावोजी वारले. मुले पुण्यात नोकरीला. ताई त्या मोठ्या घरात एकटी उरली. तेव्हापासून मी वर्षातून दोन-तीनदा तिच्याकडे जाऊ लागले आणि एस.टी.चा प्रवास हा माझ्या आयुष्याचा नियमित भाग झाला. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस.टी.चे अर्धे तिकीट लागू झाले. त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला होता. या सवलतींनी आमच्या कोकणातल्या बायकांच्या पायांत बळ आले, हे नि:संशय. जी बाई वर्षानुवर्षे माहेरी गेली नव्हती, ती उठून जाऊ लागली. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. कोल्हापूरहून निपाणीच्या एस.टी.त बसले, की सीमेपर्यंत अर्धे भाडे आणि तिच्या पुढे पूर्ण. रस्ता तोच, गाडी तीच, दोहों बाजूंना ऊसही तोच. फक्त हिशेब बदलतो.

त्याच वर्षी 11 जूनला कर्नाटक सरकारने 'शक्ती' योजना सुरू केली. राज्याच्या साध्या बसगाड्यांतून राज्यांतर्गत प्रवास स्त्रियांना विनामूल्य झाला. अट एवढीच, की ती स्त्री कर्नाटकाची रहिवासी असावी आणि तसे ओळखपत्र तिने दाखवावे. त्या हिवाळ्यात आम्ही दोघी निपाणीहून बेळगावला एका नातलगाकडे निघालो. वाहक आला. ताईने पिशवीतून आधार कार्ड काढले. त्याने पत्ता पाहिला आणि शून्य रुपयांचे तिकीट तिच्या हाती ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, तुमचं कार्ड?" माझ्या कार्डावर मुक्काम पोस्ट मुरुड, तालुका दापोली. तो हसला. "तुम्ही महाराष्ट्राच्या. तुम्हाला तिकीट घ्यावं लागतं की."

मी पैसे दिले. त्यात राग येण्यासारखे काहीच नव्हते. एका आईच्या पोटी जन्मलेल्या, एकाच बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या. एकीचे तिकीट शून्याचे आणि दुसरीचे पूर्ण. ताईला मात्र अवघडल्यासारखे झाले. बेळगाव येईपर्यंत ती ते तिकीट मुठीत घट्ट धरून बसली होती.

वाचकहो, रहिवाशांना सवलत देण्याची ही पद्धत आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 1971 साली सुरू झालेले डिस्नेचे प्रचंड मनोरंजन उद्यान आहे. त्या राज्याच्या रहिवाशांसाठी तेथे कमी दराची तिकिटे निघतात. मात्र त्यासाठी फ्लोरिडाचा पत्ता असलेला वाहन परवाना किंवा तत्सम पुरावा पुढे करावा लागतो. इटलीतील व्हेनिस नगरीने 25 एप्रिल 2024 पासून, ठरावीक दिवशी केवळ एका दिवसासाठी येणाऱ्या प्रवाशांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. त्यातून व्हेनेतो प्रांताचे रहिवासी वगळले आणि व्हेनिसमध्ये जन्मलेल्यांनाही मोकळे ठेवले. ही जन्माची सूट मला फार आवडली. गाव सोडून गेलेल्या लेकराला गावाने परके मानू नये, एवढे शहाणपण त्या नियमात आहे.

आपल्या देशातही घारापुरी, अजिंठा, वेरूळ यांसारख्या ठिकाणी भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600 रुपये असा दर 2018 पासून आहे. तेथे तिकीट देणारा पुष्कळदा चेहऱ्याकडे पाहूनच मनात निकाल लावतो. म्हणून मणिपूर-नागालँडच्या आपल्याच बांधवांना अशा खिडक्यांवर 'तुम्ही भारतीय कशावरून?' हा प्रश्न झेलावा लागल्याच्या तक्रारी वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या आहेत. साताऱ्याच्या त्या परीक्षकांचे वारस अजून आहेत, असेच म्हणावयाचे!

तरीही सवलतीमागचा न्याय मला मान्य आहे. जे माणूस वर्षभर कर भरते, पावसाळ्यात बंद पडलेल्या रस्त्याचा त्रास सोसते, पर्यटकांच्या गर्दीत आपल्याच गावात वाट शोधते, त्याला आपल्या गावच्या गोष्टी थोड्या स्वस्त मिळाल्या तर बिघडले कोठे? सरकारी तिजोरीतून सवलत द्यायची, तर ती कोणाला हे ठरवावे लागणार आणि ठरवायचे तर पुरावा मागावा लागणार. प्रश्न पुरावा मागण्याचा नाही. माणसाचे आयुष्य एका पत्त्यात मावत नसेल तर काय करायचे, हा आहे.

2024 च्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्या घरातच येऊन बसला. ताई मुरुडला आली होती. आमचे बंधू म्हणाले, "ताई, आता परत जाऊ नकोस. हे घर तुझंच आहे. आपण तुझे कागद इकडे करून घेऊ." त्याच सुमारास 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्याची धांदल उडालेली होती आणि गावातील प्रत्येक बाई रहिवासाच्या पुराव्याविषयी बोलत होती. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला यांपैकी काहीही चालेल, अशी सवलत सरकारने जुलैमध्ये दिली होती. परराज्यात जन्मलेल्या, पण महाराष्ट्रातील पुरुषाशी विवाह केलेल्या स्त्रीला नवऱ्याचे कागद चालणार होते. ताईचे वय पासष्टच्या पुढे, त्यामुळे ती योजना तिच्यासाठी नव्हतीच. परंतु तो नियम ऐकून ती म्हणाली, "म्हणजे बाहेरची मुलगी इथे सून म्हणून आली तर इथली होते. आणि इथली मुलगी बाहेर दिली तर?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

बंधूंनी चौकशी केली. कचेरीतील तरुण कारकून सज्जन होता. त्याने सारे नीट समजावून सांगितले. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव होते, आधार कार्डावर सासरचे. या दोन बाया एकच, हे सिद्ध करणारा कागद हवा होता आणि 1976 साली आमच्या अंगणात मांडव घालून झालेल्या त्या लग्नाची कोठेही सरकारी नोंद नव्हती. ज्यांनी अक्षता टाकल्या, त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या जन्माचा एकमेव लेखी आधार म्हणजे चर्चच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याची ओळ असेल. ज्यांची अशी एखादी ओळ कोणीतरी जपून ठेवली, ते भाग्यवान. आमच्या ताईचे मुरुडमधले पहिले एकवीस वर्षांचे आयुष्य कागदावर जवळजवळ शिल्लकच नव्हते.

प्रतिज्ञापत्र करून, साक्षीदार उभे करून मार्ग निघाला असता. आधारवरील पत्ता बदलणे तर त्याहून सोपे. वास्तविक, आधार कायद्यातच म्हटले आहे, की आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा अथवा अधिवासाचा पुरावा नव्हे. व्यवहारात मात्र बसच्या वाहकापासून बँकेपर्यंत सारे त्यावरच्या पत्त्यानेच माणसाला ओळखतात. निपाणीचा पत्ता गेला, की तेथले रेशन कार्ड जाणार, कुटुंबप्रमुख स्त्रीला कर्नाटकात 2023 पासून मिळणारे 'गृहलक्ष्मी'चे दरमहा 2000 रुपये जाणार, शून्याचे तिकीट जाणार आणि मतही जाणार. बंधूंनी बोटांवर हिशेब मांडला. "पैशांचं मी बघेन," ते म्हणाले.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पैशांचं नाही रे. त्या कार्डावर ह्यांच्या घराचा नंबर आहे. ह्यांचं नाव आता कुठल्याच चालू कागदावर उरलं नाही. माझ्या पत्त्यात तेवढं आहे. ते मी माझ्या हातानं खोडू?"

त्यानंतर हा विषय कोणी काढला नाही. ताईचा पत्ता निपाणीचाच राहिला. मृग लागला की ती मुरुडला येते आणि दिवाळी झाली की परत जाते.

या सगळ्यात मला पुन्हा अण्णांची आठवण येते, ती वेगळ्या कारणाने. 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्याचे अवघे बालपण येथे गेले, ज्याला गावातील प्रत्येक जण नावाने ओळखत होता, त्याला गावाने आपला म्हणण्याचे नाकारले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि आज गाव त्यांच्या नावाने मिरवते. तेव्हा रहिवासाचा दाखला केवळ सरकारच नाकारते असे नाही. शेजारीही नाकारतात, आणि तेथे अर्ज करायला खिडकीसुद्धा नसते.

समजा, उद्या आमच्या किनाऱ्यावर प्रवेशशुल्क बसले आणि मुरुडकरांना सूट द्यायची ठरले, तर मुरुडकर कोणाला म्हणायचे? आधार कार्डावर नालासोपाऱ्याचा पत्ता असलेला, पण गणपतीला न चुकता येऊन घर उघडणारा चाकरमानी? आंब्याच्या बागेत वर्षानुवर्षे रात्र जागवणारा, ज्याची मुले आमच्याच शाळेत मराठी कविता पाठ म्हणतात, तो नेपाळी राखणदार? पुण्याचा बंगलेवाला, ज्याच्याकडे घरपट्टीची पावती आहे आणि जो वर्षातून चार दिवस येतो? आणि माझी ताई? कागदाने पाहिले तर या चौघांत बंगलेवाल्याची बाजू सर्वांत भक्कम ठरते.

नियम करणाऱ्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे मी जाणते. पण रेघ ओढताना व्हेनिसप्रमाणे जन्माला एक जागा ठेवावी, लग्न होऊन गेलेल्या लेकीला एक जागा ठेवावी आणि ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्यासाठी गावातील चार जाणत्या माणसांच्या शब्दाला काही किंमत असावी, एवढे मागणे अवाजवी नसावे. आणि नियम बदलेपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. कोणी आपल्या दारी आले, तर 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नये.

यंदा ताई आली, तेव्हा पाणवठ्यावर एका नव्या सुनेने तिला विचारले, "आजी, तुम्ही पाहुण्या का?" ताई म्हणाली, "नाही गं. मी इथली. पण राहते निपाणीला." त्या मुलीला यात काही विसंगत वाटले नाही. ती स्वतःही साताऱ्याकडची होती. तिने ताईचा हंडा उचलून बाजूला ठेवला आणि दोघी बोलत बसल्या.