आमच्या फियाटचे डोळे

माणसाला स्वतःची चूक सापडायला वर्षे लागतात. दुसऱ्याच्या म्हातारपणाचा पुरावा मात्र लगेच सापडतो. माझ्या बाबतीत ही गोष्ट आमच्या फियाटने उघडकीस आणली.

फियाट म्हणायची आपली जुनी सवय. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १९९६ सालची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. सक्करदऱ्यात आमची पद्मिनी अजून नोकरीत आहे. बाबांनी ती पोस्टातल्या पगारातून पैसा पैसा साठवून घेतली. दर रविवारी उमरेडला आत्याकडे जायचे आणि रात्री जेवून परतायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पंचाहत्तरावे लागले. त्या आनंदात मी एका कादंबरीचे मानधन खर्चून गाडीला नवा रंग दिला. मराठी कादंबरीच्या मानधनात गाडी येत नाही, रंग येतो. गाडी नवरीसारखी नटून घरी आली. महिनाभराने बाबा म्हणाले, "रात्री रस्ता नीट दिसत नाही रे."

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू आधीच काढलेले. डॉक्टरांनी पुन्हा तपासून नजर साफ असल्याचे सांगितले. पण मी डॉक्टरांपेक्षा पंचाहत्तर या आकड्यावर अधिक विश्वास ठेवला, आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात आली. बाबा काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी ते गाडी पुसून ठेवीत आणि संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसत. मला रविवारी लिहायचे असे.

यंदा भाद्रपदात आत्या आजारी पडली, तेव्हा आम्ही दोघे उमरेडला गेलो. परतताना अंधार झाला. समोरून ट्रक आला की आमचे दिवे आहेत की नाहीत, असे वाटे. मी डोळे फाडून बघत होतो. एवढ्यात शेजारून बाबा ओरडले, "अरे, बंडी!" मी करकचून ब्रेक दाबला. कडबा भरलेली बैलबंडी चार हातांवर होती. तिच्या मागे दिवा नव्हता. आमच्या अंधूक उजेडात ती मला दिसली नव्हती. बाबांना दिसली होती.

दिघोरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो आणि जास्त वॅटचे बल्ब मागितले. तो म्हणाला, "सर, बलब काऊन बदलता? बलबाले करंटच नाही भेटून राहिला." जास्त वॅटच्या बल्बांनी जुने बटण तेवढे तापले असते, हेही त्याने सांगितले. मग इंजिन चालू ठेवून, दिवे लावून त्याने मीटर धरला. बॅटरीपाशी १३.६ व्होल्ट, दिव्यापाशी ११.२. फरक सव्वादोन-अडीच व्होल्टांचा; पण दिव्याचा हिशेब सरळ नसतो. दाब दहा टक्के उतरला की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. आमचा उजेड जवळजवळ निम्माच उरला होता.

ओहम हा जर्मन शास्त्रज्ञ माझ्यासारखाच शाळामास्तर. त्याने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम दहावीत मी घडाघडा लिहून गुण मिळवले होते. वाटेत अडथळा असेल तर दाब तिथेच खर्ची पडतो, एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ मला सक्करदऱ्याच्या चौकात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळला.

गाडीत वीज तारेने दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परतते. त्या परतीच्या वाटेवर, ज्याला हे लोक अर्थ म्हणतात, १.६ व्होल्ट हरवत होते. त्याने दोन्ही दिव्यांच्या अर्थचा बोल्ट खोलला. खाली चकचकीत रंगाचा थर होता. माझा रंग. रंगवताना तेवढी जागा कोणी खरडली नव्हती. बोल्टच्या आट्यांतून वीज कशीबशी वाट काढीत होती. त्याने काचकागदाने घासून लोखंड उघडे केले, बोल्ट पुन्हा आवळला आणि वरून ग्रीस लावले. उरलेला दाब जुन्या बटणात आणि बारीक तारांत जात होता. त्यासाठी दोन रिले बसवले: बटणाने नुसता हुकूम सोडायचा, वीज बॅटरीकडून जाड तारेने थेट दिव्याला. वाचकहो, जुन्या गाडीतून रात्री रस्ता दिसेनासा झाला, तर आधी दिव्यापाशी मीटर लावून पाहा; माणसाच्या डोळ्यांवर नंतर या.

संध्याकाळी अंगणात दिवे लावले, तेव्हा समोरच्या भिंतीची वीट न् वीट मोजता आली. बाबा खुर्चीतून उठून बघत उभे राहिले. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. म्हणालो, "बाबा, दिवेच मंद होते. मी दिलेल्या रंगामुळे."

त्यांनी किल्ली मुठीत घेतली. थोड्या वेळाने विचारले, "पेट्रोल आहे का?"

भाऊबीजेला आम्ही उमरेडला जाणार आहोत. आत्या आता बरी आहे. तिथे जेवायचे, म्हणजे परतताना रात्र होईल. गाडी बाबा चालवतील.