तळहातावरच्या डबीतून स्वयंभू गंधार

गंधार ऐकू आला! कोणीही न छेडलेला, तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार. माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच स्पीकरमधून, पुऱ्या दोन वर्षांनी! आणि तो आणून दिला कोणी, तर पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका डबीने. आज आठवडा झाला, तरी घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ती डबी दाखवतो आणि मग पाणी विचारतो.

पंधरा वर्षं पै पै साठवून मी ही सिस्टिम उभी केली. आधी अँप्लिफायर, मग स्पीकर, मग डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र. सगळं तीन लाखांच्या घरात गेलं. पण दोन वर्षांपूर्वी सीडी प्लेअरने मान टाकली. त्याचं लेझर हेड आता मिळत नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं आणि माझ्या चारशे सीडी खोक्यांत भरून माळ्यावर गेल्या. तेव्हापासून फोनवर कुठूनतरी उतरवलेलं गाणं ब्लूटूथने ऐकत होतो. गायक ऐकू यायचा, पण तानपुरा म्हणजे मागे चाललेली नुसती घरघर.

गेल्या शनिवारी भाचा आला. पाच मिनिटं ऐकून म्हणाला, "मामा, एवढी भारी सिस्टिम आणि तिला तू हे ऐकवतोस? चप्पल घाल, तपकीर गल्लीत जाऊ."

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीतून आम्ही रास्पबेरी पाय ४ घेऊन आलो. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून केंब्रिजमधल्या मंडळींनी घडवलेला हा एका पाटीवरचा संगणक. २०१२ साली त्याची पहिली आवृत्ती विक्रीला आली तेव्हा किंमत होती ३५ डॉलर. आम्हाला अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि वरची डबी धरून सात हजारांच्या आत पडला.

घरी आल्यावर भाच्याने व्हॉल्युमिओ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून कार्डावर उतरवलं, कार्ड डबीत सारलं, डबीची यूएसबी वायर डॅकला जोडली आणि दुसरी राऊटरला. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकताच समोर प्लेअर उघडला! कीबोर्ड नाही, पडदा नाही, पंख्याची घुरघुर नाही. सोफ्यावर बसून फोनवर बोट ठेवायचं, की गाणं सुरू.

मग माळ्यावरून पहिलं खोकं उतरलं. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने आम्ही सीडी फ्लॅक फाइलींमध्ये उतरवायला लागलो. हा प्रोग्रॅम आपली प्रत जगभरच्या लोकांनी त्याच सीडीवरून केलेल्या प्रतींशी ताडून बघतो आणि ती अचूक असली तर तसं सांगतो. फ्लॅकमध्ये फाइल निम्म्याच्या आसपास येते, पण गाण्याचा एक बिटही गळत नाही. चारशेच्या चारशे सीडी अंगठ्याएवढ्या हार्डडिस्कवर नव्हे, तरी खिशात मावेल एवढ्या एका डिस्कवर बसतात आणि वर जागा उरते!

"आता डोळे मिटून बस," ती डिस्क डबीला जोडत भाचा म्हणाला.

कुमार गंधर्व. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर त्या माणसाने उरलेल्या श्वासात बसेल अशी नवी गायकी घडवली, हे मी शंभरदा वाचलं होतं. त्या दिवशी ते ऐकलं! स्वर संपतो, क्षणभर काहीच नाही, मग श्वास आत गेल्याचा बारीक आवाज, आणि पुढचा स्वर थेट वरून येऊन बसतो. त्या रिकाम्या जागेत तानपुरे वाजत होते. डावा वेगळा, उजवा वेगळा. आणि त्यांच्या मधोमध, हवेत, गंधार. माझे डोळे भरून आले.

एवढ्या स्वस्त डबीला हे जमतं कसं, हे कळल्यावर तर मी जास्तच हरखलो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, प्रत्येक नोंद १६ बिटांची. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदाला १४ लाख बिट. आजच्या संगणकाला हे ओझं काहीच नाही. आणि माझ्या डॅकचं घड्याळ त्याचं स्वतःचं आहे. तो डबीला सांगतो, आता एवढं दे, आता थोडं थांब. म्हणजे डबी ही पंगतीतली वाढपी. मागेल तेवढं, मागेल तेव्हा वाढायचं आणि पानात काही सांडायचं नाही. चव सगळी आचाऱ्याच्या हातची, म्हणजे डॅक, अँप्लिफायर आणि स्पीकरची. माझे पंधरा वर्षांचे पैसे योग्य जागीच पडले होते!

तरीही खात्री करायची होती. मित्राकडून त्याचा महागडा सीडी प्लेअर आणून त्याच डॅकला जोडला. मी पाठ करून बसलो आणि भाचा कधी हे, कधी ते लावत राहिला. दहा वेळा ऐकलं. मला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही, कोणतं कोणतं.

तुम्ही हे करणार असाल तर चार गोष्टी सांगतो. डबीवरच्या हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊ नका, यूएसबीनेच डॅकला द्या. सेटिंगमध्ये मिक्सर बंद ठेवा, म्हणजे बिट जसेच्या तसे पोचतात, आणि आवाज अँप्लिफायरवरून कमी-जास्त करा. पाचव्होल्टी अडॅप्टर तीन अँपिअरचा, चांगलाच घ्या. आणि फोनवरून आधी डबी बंद करा, मगच भिंतीवरचं बटण. नाहीतर कार्ड खराब होऊ शकतं.

काल रात्री एक मैफिलीची सीडी लावली. तिच्यात बडा ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर आहे. फोनवर तिथे दर वेळी खटका बसायचा, समेवर येता येता कोणी दार आपटावं तसा. काल विलंबित संपलं, तबलजीने लय उचलली आणि द्रुत सुरू झालं. मध्ये काहीही तुटलं नाही. श्रोत्यांतून आलेली "वा!" सुद्धा एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर अखंड वाहत गेली.

साठ सीडी उतरवून झाल्यात, तीनशे चाळीस बाकी आहेत. आता रोज रात्री जेवण झालं की पाच. तुमच्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल. ते आजच खाली काढा!